बरणीतली पाल

आमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये एका बरणीत पाल आहे. बरणीला उजव्या अंगाने तडा गेलाय, आतलं फॉर्मालिन टपरीवरच्या चहाच्या रंगाचं झालंय आणि पालीची शेपटी कधीच तुटून तळाशी पडलीय. लेबलवर लिहिलंय, हेमिडॅक्टिलस. प्रॅक्टिकल परीक्षेच्या स्पॉटिंगला ही बरणी दरवर्षी टेबलावर येते आणि ती सहसा कुणाची चुकत नाही. कारण पोरं पाल ओळखतच नाहीत, तडा ओळखतात. तडावाली बरणी म्हणजे हेमिडॅक्टिलस, झाकणाला सुतळी बांधलेली म्हणजे ड्रॅको, बुडाशी काळा साका बसलेला म्हणजे समुद्रघोडा. हे ज्ञान सीनिअरकडून ज्युनिअरकडे जातं, अगदी गुरु-शिष्य परंपरेने. एका वर्षी मामांनी (लॅब अटेंडंटला आमच्याकडे मामाच म्हणतात) चांगुलपणाने पाल धडक्या बरणीत हलवली. त्या वर्षी अर्ध्या वर्गाने तिला सरडा करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मामांना झापलं आणि पाल परत तडावाल्या बरणीत गेली.

अशाच एका स्पॉटिंगच्या वेळी टेबलाच्या बरोब्बर वर, ट्यूबलाइटच्या पट्टीआड, दुसरी एक हेमिडॅक्टिलस बसली होती. जिवंत. किडे टिपत होती, मधूनच चुकचुकत होती. एका पोरीने वर पाहिलं, ‘ई, पाल!’ म्हणून बाजूला सरकली आणि उत्तरपत्रिकेत हेमिडॅक्टिलसची लक्षणं लिहायला लागली.

मी बुलढाणा जिल्ह्यातच बी.एस्सी. झालो आणि बुलढाणा जिल्ह्यातच बी.एस्सी.ला शिकवतो. मध्ये एम.एस्सी., मग सेट, मग तासिका तत्त्व. म्हणजे तासागणिक पैसे, आणि ते हातात कधी पडतील ते शेगावच्या महाराजांनाच ठाऊक. पुढे ज्यांना ज्यांना बोल लावणार आहे त्यांत मीही आलो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी दाखवून द्यायला नको.

तर पहिली गोष्ट. बी.एस्सी. कुणी घेत नाही. ती उरते. बारावीला जीवशास्त्र घेतलं की आमच्याकडे घरातले पोराला डॉक्टरच म्हणायला लागतात. मग अकोल्याला खोली, अकोल्याला मेस, अकोल्याला क्लास, घरी एखादा एकर गहाण. २०२४ साली नीटला देशभरातून तेवीस लाखांवर पोरं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. बुलढाण्यालाही त्याच वर्षी सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर जागांचं. पेढे वाटले गेले. ज्यांचा त्यात नंबर लागणार नाही अशा लाखोंचं काय, हे पेढे खाताना कुणी विचारत नाही. पहिल्यांदा नाही लागलं तर ड्रॉप. दुसऱ्यांदा नाही लागलं तर बीएएमएस, बीएचएमएस, फार्मसी, अ‍ॅग्री, नर्सिंग अशी रांग. आणि रांगेच्या अगदी शेपटाला आम्ही, रसायन-वनस्पती-प्राणी, ऊर्फ सीबीझेड. पोरगी असली तर स्थळ येईतो, पोरगा असला तर भरती निघेतो.

पहिल्या दिवशी मी वर्गाला विचारतो, बी.एस्सी. का घेतलं? बहुतेक जण खाली बघतात. काही जण ‘रिसर्च करायचंय’ असं पाठ केलेलं म्हणतात. एकाने मात्र खरं सांगितलं होतं: ‘सर, फी कमी हाये अन् कॉलेज बसस्टँडच्या जवळ हाये.’ तीन वर्षांत त्याच्याइतकं नेमकं निरीक्षण वर्गात दुसऱ्या कुणी नोंदवलं नाही.

हजेरीपटावर ऐंशी नावं असतात, बाकांवर अकरा. बाकीचे अभ्यासिकेत. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले, त्यात आमच्या जिल्ह्यातल्या बी.एस्सी.वाल्यांचा वाटा काही कमी नसणार. त्या पोरांना नावं ठेवायची माझी टाप नाही. अर्जात ‘पदवी’ असा एक रकाना असतो, तो भरायला ते तीन वर्षं आमच्याकडे नाव घालून ठेवतात. रकान्यासाठी आलेल्या पोराने पेशीत जीव का ओतावा? आणि त्याला हजेरी लावून देणारा मी, मी तरी कुठल्या तोंडाने विचारावं?

पण ती जी अकरा येतात ना, त्यांचं आम्ही काय करतो ते बघा.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराच्या डोक्यावर अकरावीत एकदम इंग्रजी आदळतं आणि बी.एस्सी.त त्याचा चिखल होतो. ‘मायटोकॉन्ड्रिया इज द पॉवरहाऊस ऑफ द सेल’ हे वाक्य माझ्या वर्गात झोपेतून उठवलं तरी म्हणतील. एकदा मी तास थांबवून विचारलं, पॉवरहाऊस म्हणजे काय? शांतता. मग मागून एक जण, ‘सर, पारसचं.’ पारसचं औष्णिक वीजकेंद्र शेगावापासून फार लांब नाही, त्याची धुराडी पोरांनी बघितलेली असतात. म्हटलं, बरोबर. पारसला काय जाळतात? ‘कोळसा.’ मग मायटोकॉन्ड्रियात कोळसा कुठला? पुन्हा शांतता. पाचेक मिनिटं गेली असतील. दुसऱ्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक पोरगी हळूच म्हणाली, ‘सर, भाकर?’ अख्खा वर्ग हसला. मी हसलो नाही. एवढं बिनचूक उत्तर मला एम.एस्सी.च्या मुलाखतीतही कुणी दिलं नव्हतं. भाकरीचं ग्लुकोज कसं होतं आणि ते पेशीपर्यंत जाऊन कसं जळतं, हे त्यानंतर तासभर बोललो, वऱ्हाडीत बोललो, आणि तास संपल्यावर एका पोराने विचारलं, ‘सर, हे पेपरात कसं लिहायचं?’ मी गाइडचं पान सांगितलं.

तिथेच माझी नोकरी दिसते. भाकर समजावून सांगायची आणि शेवटी गाइडचं पान द्यायचं.

प्रॅक्टिकल रेकॉर्डचं प्रकरण तर वेगळ्या पुराणाचं आहे. यूजीसीने २०१४ साली प्राणिशास्त्रातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं. चांगलं झालं, बेडूक वाचले. त्याऐवजी मॉडेल वापरा, संगणकावर दाखवा, शिवारात न्या, असं सगळं अपेक्षित होतं. आमच्याकडे त्याऐवजी तक्ता आला. भिंतीवरचा तक्ता बघून सीनिअरने रेकॉर्डमध्ये बेडूक काढायचा, ज्युनिअरने सीनिअरचा उतरवायचा. एका पोराकडून घाईत पित्ताशय भलत्याच जागी गेलं. पुढच्या चार बॅचच्या बेडकांचं पित्ताशय तिथेच निघालं. उत्परिवर्तन आणि आनुवंशिकता यांचं याहून चोख प्रात्यक्षिक मी आजवर घेतलेलं नाही, आणि त्या चारही बॅचच्या रेकॉर्डवर ‘सर्टिफाइड’ म्हणून सही माझी आहे. बेडकाचं शास्त्रीय नाव कधीच बदलून होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस झालं, आमच्या वह्यांत तो अजून राना टिग्रिना म्हणूनच डराव डराव करतो.

‘साधनं कुठं आहेत सर, ग्रामीण भाग आहे.’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानाशी आलं की चीड येते. ज्या जिल्ह्यात आम्ही बसलोय तो जिल्हा तरी कधी डोळे उघडून बघितलाय का? घाटावर लोणार. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं विवर. त्याचं वय पन्नास हजार वर्षं की पावणेसहा लाख, यावर जगातले शास्त्रज्ञ भांडतात. आत खारं आणि पीएच दहाच्या आसपासचं पाणी, साबणाच्या पाण्यासारखं, ज्यात सहसा मासा जगत नाही पण स्पिरुलिना आणि तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू सुखाने नांदतात. काठाला सासू-सुनेची विहीर, तिचं अर्धं पाणी गोडं, अर्धं खारं असं सांगतात. सून कोण, सासू कोण, हे आमच्या बायका पैजेवर सांगतात. क्षारतेवरचा अख्खा धडा त्या विहिरीच्या काठावर बसून शिकवता येईल. लिटमस आणि पीएच पेपर. त्याला काय अमेरिकेहून अनुदान लागतं?

आम्ही लोणारला सहल नेली. अभ्यास सहल. घाट चढून गेलो, दैत्यसूदनाचं मंदिर बघितलं, धारेवर पाय धुतले, विवराच्या कडेवर उभं राहून फोटो काढले, डबे खाल्ले आणि दिवेलागणीला परत. पाण्यात बोट बुडवलं नाही. अहवाल मागवले. पहिला अहवाल वाचला, तळ्याचं पाणी हिरवट. दुसरा, पाणी हिरवट. एकूण एक अहवालात पाणी हिरवट आणि शब्दन् शब्द तोच. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेला अख्खा देश ते फोटो बघत होता, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं होतं, पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले होते. आघारकरवाल्यांनी सांगितलं, पाणी आटलं, क्षार वाढले, हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव बेसुमार वाढले, गुलाबी रंग त्यांचा. ते तळाशी बसले की पाणी पुन्हा निवळतं. आमच्या एकाही अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. कारण तो अहवाल मूळचा २०१४ चा. तेव्हा पाणी हिरवट होतं. आमच्या तळ्याला काय झालं ते पुण्याच्या लोकांनी येऊन सांगावं आणि आमच्या पोरांनी ते वाचलंही नसावं, याला ग्रामीण भाग नाही म्हणत. याला आळस म्हणतात.

खाली घाट उतरा, बुलढाणा-खामगाव रस्त्याला ज्ञानगंगा अभयारण्य. बिबटे, अस्वलं. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला सी-१ वाघ तेराशे किलोमीटर चालून, मध्ये तेलंगणात डोकावून, डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन बसला. बुलढाणा जिल्ह्यात स्वतःच्या मर्जीने येऊन राहिलेला माझ्या माहितीतला तो एकटाच. बाकी आम्ही सगळे पुण्याची गाडी किती वाजता सुटते ते विचारतोय. एका वाघाचा तो प्रवास म्हणजे परिसंस्था, अधिवास, संचारमार्ग, प्रजननासाठी जोडीदाराचा शोध, सगळं एका नकाशात. मी तो वर्गात लावला होता. विद्यापीठाची परीक्षा तोंडावर आल्यावर ती जागा लागली म्हणून मामांनी काढून गुंडाळून ठेवला. तेही बरोबरच. परीक्षेला वाघ येत नाही, ‘डिफाइन इकोसिस्टिम’ येतं.

आणि संशोधन होत नाही असंही कुणी समजू नये. भरपूर होतं. अमुक धरणाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक घटक, तमुक तलावाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक घटक. धरणाचं नाव बदलायचं, तक्ते तेच. पदोन्नतीला पेपर लागतात, पेपराला पाणी लागतं. ते पाणी जे लोक पितात त्यांना निकाल कुणी सांगायला गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

२०१७ चा हंगाम. आमच्या बाच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. बोंड बाहेरून हिरवंगार, देखणं. फोडलं की आत किडका कवडी कापूस आणि गुलाबी अळी वळवळत. तीन-तीन फवारण्या झाल्या. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले, म्हणून माय फवाऱ्याला हात लावू देईना. दिवाळीला मी घरी गेलो तर बा बांधावर बसलेला, मुठीत फोडलेलं बोंड. म्हणाला, ‘तू तं किड्याईचाच मास्तर हायेस ना? मंग सांग, बीटी टाकूनसनी अळी मरत काहून नाही? तुह्या पुस्तकात काय लिहेल हाये?’

माझ्या पुस्तकात मँचेस्टर लिहिलेलं होतं. त्याच आठवड्यात मी वर्गात उत्क्रांती शिकवून आलो होतो. बिस्टन बेट्युलारिया नावाचा पतंग, धुराड्यांच्या काजळीने झाडं काळी झाली, काळे पतंग वाचले, पांढरे पाखरांनी टिपले. १८४८ साली मँचेस्टरला पहिला काळा पतंग नोंदला, हे साल मी पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. आणि तीच उत्क्रांती, तोच निसर्गाचा निवाडा, माझ्या बाच्या तीन एकरांत चालला होता. बीटी कापूस देशात २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ ला. अळीच्या पोटात विष तयार करणारी प्रथिनं सगळ्या शिवारात, वर्षाचे आठ-आठ महिने, वर फरदड घेतली की मार्चपर्यंत. लाखात एखादी अळी त्याला पुरून उरली, तिची पिलावळ उरली. गुलाबी बोंडअळी कापसाशिवाय जवळजवळ कशावरच जगत नाही, म्हणजे साध्या अळ्यांना आसरा म्हणून दुसरं पीकही नाही. यासाठीच तर बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची. ती धुऱ्याकडेने पेरायची, तिच्यावर साध्या अळ्या जगू द्यायच्या, त्यांचे पतंग वरचढ पतंगांशी जुगले की पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. आनुवंशशास्त्राच्या दुसऱ्या सेमिस्टरचा धडा, बियाण्याच्या पुडीत घालून दिलेला.

‘ती बारकी पुडी पेरली होती का?’ मी विचारलं. बा म्हणाला, ‘कृषी केंद्रवाल्यानं सांगतलं, फेकून दे. म्या बकरीले टाकली.’

अमेरिकेत याच अळीने अ‍ॅरिझोनाचा कापूस खाल्ला होता. तिथे शेतकऱ्यांनी आसऱ्याची बिगर-बीटी पेरणी पाळली, पुढे वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ साली तिथल्या कृषी खात्याने कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, जनुकं तीच. फरक एवढाच की तिकडे पुडी कशाची ते कुणीतरी सांगायला गेलं. इकडे जिल्ह्यातून दरवर्षी बी.एस्सी.वाल्यांची खेपच्या खेप बाहेर पडते, त्यातले बहुतेक कपाशीवाल्याच्या घरचे, आणि गावात पुडीबद्दल शब्द चालतो तो कृषी केंद्रवाल्याचा. तो तरी काय करील. त्याला औषध विकायचंय. मला काय विकायचं होतं, की मी पंधरा वर्षांत एकदाही बाच्या पुडीकडे बघितलं नाही?

स्टाफरूममधल्या त्या ‘साधनं कुठं आहेत’वरून आठवलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत मरत होती. ना अतिदक्षता विभाग, ना प्रयोगशाळा. रोग्याच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम लिहून काढला, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून बघितलं आणि विंचूदंशाचे मृत्यू चाळीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आणले. लक्षणांच्या त्या नोंदी १९८२ सालीच लॅन्सेटमध्ये छापून आल्या होत्या. खाट, घड्याळ, वही. आमच्या लॅबमध्ये याहून जास्त सामान आहे, कुलुपात.

बावस्करांचं नाव उगाच नाही काढलं.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीला शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस नुसत्या हाताने ओढले तरी झुपकेच्या झुपके बाहेर, तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, बाप्ये, शाळेतली लेकरं. जानेवारीत मोजदाद अठरा गावं आणि पावणेतीनशे माणसांच्या वर गेली. देशभरातल्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या. आमच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर टकलाचे विनोद फिरले, तेही अर्ध्या तासात. गावांत लग्नं अडली, सलूनवाल्याने हात लावायला नकार दिला, शहरातले नातेवाईक येईनासे झाले. आधी म्हणाले बुरशी. मग म्हणाले पाणी, खारपाणपट्ट्याचं पाणी, नायट्रेट. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पितोय, ते एकाएकी केसांवर का उठेल, हे विचारायला पदवी लागत नाही. आयसीएमआरचं पथक आलं, रक्त, लघवी, केस, पाणी, माती घेऊन गेलं.

फेब्रुवारीत बावस्करांनी सांगितलं, रेशनचा गहू बघा. पंजाब-हरियाणाकडून आलेला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत, लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम वाढलेलं होतं आणि त्या गव्हात ते इथल्या गव्हाच्या कैक पट.   पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला सेलेनियमचे पट्टे आहेत. अमेरिकेत डाकोटाच्या कुरणांत घोड्यांची आयाळ आणि खूर झडायचे ते यानेच. चीनच्या एन्शी भागात साठच्या दशकात माणसांचे केस आणि नखं गेली तीही यानेच. आणि बोंडगावातही पुढे एप्रिलमध्ये काही जणांची नखं पडायला लागली.

का, ते आमच्या दुसऱ्या वर्षाच्या जीवरसायनात आहे. केस म्हणजे केराटिन. केराटिनला घट्टपणा येतो सिस्टिनमधल्या गंधकामुळे, दोन गंधकांच्या डायसल्फाइड बंधामुळे. आवर्त सारणीत सेलेनियम गंधकाच्या थेट खाली बसतं, त्याच्याच चालीने चालतं, फार झालं की त्याच्याच जागेवर जाऊन बसतं. गंधक हललं की केस हलला. पाच मार्कांचा प्रश्न. दर दोन वर्षांनी येतो. आमची पोरं तो आकृतीसकट लिहितात.

त्या जानेवारीत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आमच्याकडे मेजर होतं, मायनर होतं, ओपन इलेक्टिव्ह होतं, ओजेटी, एफपी आणि सीईपी होतं. सीईपी म्हणजे समाजात जाऊन काम करायचं, त्याचे क्रेडिट. आमच्याकडून प्लॅस्टिकमुक्तीची रॅली निघाली, कॉलेजच्या गेटपासून बसस्टँडपर्यंत. बॅनरसह फोटो काढून वर पाठवला. केस गळणारी गावं एसटीने तासाभराच्या आत. ‘चला, पन्नास घरांत विचारून येऊ, कोण कुठलं पाणी पितं, कोण कुठला गहू खातं, कुणाचे गेले, कुणाचे नाही गेले,’ असं मी म्हणू शकलो असतो. एक वही, पन्नास घरं. म्हणायचं सुचलं होतं. मग वाटलं, परवानगी लागेल, प्राचार्य विचारतील, वाहिनीवाले गाठतील, आणि आपली तासिका. गप्प बसलो.

प्रॅक्टिकल त्याच महिन्यात. थंडी होती, अर्धी पोरं कानटोप्या घालून आलेली. बाहेरून आलेले एक्स्टर्नल व्हायवा घेत होते, इंटर्नल म्हणून शेजारच्या खुर्चीत मी. त्या गावांकडचा एक पोरगा समोर येऊन बसला, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. अभ्यासाला बरा, वर्गातल्या अकरातला. एक्स्टर्नल म्हणाले, ‘टोपी काढ रे. परीक्षेला आलास की जागलीला?’ त्याने माझ्याकडे बघितलं. मी मार्कशीटकडे बघितलं. त्याने टोपी काढली.

एक्स्टर्नल क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘घाल, घाल.’ त्याने घातली. त्यांनी सूक्ष्मदर्शकावर लावलेली त्वचेची स्लाइड त्याच्यापुढे सरकवली.

‘व्हॉट इज दिस?’

‘व्ही. एस. ऑफ मॅमेलियन स्किन, सर.’

‘हेअर कशाचा बनलेला असतो?’

‘केराटिन, सर.’

‘विच बाँड?’

‘डायसल्फाइड, सर. बिटवीन टू सिस्टिन रेसिड्यूज.’

‘व्हेरी गुड,’ एक्स्टर्नल म्हणाले आणि माझ्याकडे बघून बोटं दाखवली, दहापैकी दहा. मी त्याच्या नावापुढे दहा लिहिले आणि पुढचा रोल नंबर पुकारला.